भूर जाऊन शिकायची विशेषणं

मूल बोलायला लागलं की आधी नामं येतात. काऊ, माऊ, दुदू, बाबा, गाडी. दीड वर्षाच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द जमलेले असतात आणि त्यांतले बहुतेक बोटाने दाखवता येतील अशा वस्तूंचे नाहीतर माणसांचे असतात. विशेषणं मागाहून, रखडत येतात, कारण विशेषणाकडे बोट दाखवता येत नाही. लाल चेंडू दाखवून कुणी "लाल" म्हटलं, तर दीड वर्षाचा श्रोता त्या चेंडूचंच नाव लाल असं धरून चालतो, आणि त्याचं चुकलं हे कोणत्याही कोर्टात सिद्ध करता येणार नाही. शेजारी निळा चेंडू ठेवला की मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: दोन्ही चेंडूच आहेत, तरी काहीतरी वेगळं आहे. म्हणजे विशेषण शिकवायला वस्तू दोन लागतात, आणि त्या नुसत्या दिसून भागत नाही; हाताला, पायाला, निदान जिभेला तरी लागाव्या लागतात. वन-बीएचकेत एवढी सोय नसते. म्हणून भूर जावं लागतं.

घरातला विशेषणांचा साठा तसाही तुटपुंजाच असतो. पहिलं विशेषण 'शी'. जमिनीवर पडलेला कुरमुरा शी, चप्पल शी, कुंडीतली माती शी, शेजाऱ्यांचं मांजर शी. दुसरं 'हाऽ', म्हणजे गरम. तिसरं 'गुड', ते मुलाच्या वागण्याला लागतं, आणि तेही ताटली रिकामी झाल्यावरच. मोठी माणसं आपापसांत 'मस्त' आणि 'बेकार' या दोनच विशेषणांवर संसार रेटतात. पनीर मस्त, सिनेमा बेकार, नवा उड्डाणपूल मस्त, त्याच्याखालचं ट्रॅफिक बेकार. अशा घरातल्या मुलाला 'ठिसूळ' आणि 'भुसभुशीत' कोण सांगणार? ते काम माती करते, पण माती शी असते.

मीरा-भाईंदरमध्ये ही अडचण जरा जास्तच आहे. पाच ग्रामपंचायती एकत्र करून 1985 साली इथे नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 भरली. एवढ्या माणसांच्या इमारती उभ्या करून, त्यांच्या गाड्या लावून झाल्यावर जी जागा उरते तिला सोसायटीच्या भाषेत 'गार्डन' म्हणतात. तिथे दोन झोके, एक घसरगुंडी, एक सी-सॉ आणि 'बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी असते. पाटी सर्वांत उंच असते.

मुलांना बाहेर नेऊन शिकवावं हा विचार नवा नाही, आणि तो लांबून आलेलाही नाही. भाईंदरहून विरार आणि तिथून डहाणूच्या पुढे जाणारी गाडी पकडली की घोलवडला उतरता येतं. तिथून जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी 1945 साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या वेळी कोसबाड आणि भाईंदर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर वेगळा झाला तो 2014 मध्ये. माँटेसोरी पद्धतीची साधनं सुबक आणि महाग. खरखरीत-गुळगुळीत शिकवायला खास पट्ट्या, जाड-बारीक शिकवायला लाकडी ठोकळे. वारली पाड्यावर ही चैन कुठून आणायची? ताराबाईंनी खडे, शिंपले, पानं, बिया उचलल्या आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. आज मीरा रोडचे काही प्ले-ग्रुप प्लॅस्टिकच्या हिरवळीवर मुलांना बसवून 'हिरवं' आणि 'मऊ' शिकवतात. त्यातलं हिरवं जमतं.

माँटेसोरीबाईंनी सेगँ या फ्रेंच डॉक्टराकडून शब्द शिकवण्याची एक तीन पायऱ्यांची रीत घेतली होती. पहिल्या पायरीवर सांगायचं: हे खरखरीत, हे गुळगुळीत. दुसऱ्या पायरीवर मागायचं: यातलं खरखरीत दे बघू. हे नीट जमलं की मगच तिसऱ्या पायरीवर विचारायचं: हे कसं आहे? आपल्याकडचे पालक थेट तिसऱ्या पायरीवर उभे राहतात, आणि तेही पाहुण्यांसमोर. "काकांना सांग, हा कुठला कलर आहे? सांग ना. घरी सांगतो हो बरोब्बर." मूल काकांकडे बघतं, काका मुलाकडे बघतात, आणि सोफ्याचा रंग त्या दिवशी अनिर्णित राहतो. रंगांच्या नावांबाबत मुलाला थोडी सवलत द्यावी लागते. ती तीन-चार वर्षांपर्यंत पक्की होत नाहीत. वस्तूचं नाव आधी आणि रंग नंतर सांगितला तर दोन वर्षांच्या मुलांना रंग लवकर कळतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. "लाल बस बघ" असं म्हणण्यापेक्षा "बस बघ, बस लाल आहे" बरं. त्यासाठी रस्त्यावरची बेस्टची बस उत्तम. पार्किंगमध्ये हा पाठ घेऊ नये. तिथे पांढरा, करडा आणि आणखी एक करडा एवढंच मिळतं.

खेळाच्या साधनांत घसरगुंडीचा पहिला नंबर. पत्र्याची असेल तर मे महिन्यात सकाळी अकरा वाजता ती 'गरम' हा शब्द एका सेकंदात शिकवते आणि उजळणीची गरज ठेवत नाही. संध्याकाळी तीच 'गार' असते. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून उतरलेल्या मुलाचे केस उभे राहतात. 'उभे' आणि 'आडवे' शिकवायला ते चालतात, आरशाची तेवढी सोय हवी. पण घसरगुंडीचा खरा उपयोग तिच्यावर उलट्या बाजूने चढताना होतो. मूल चार पावलं वर जातं, बूट सरकतो, पोटावर आपटून परत खाली येतं, आणि 'निसरडं' म्हणजे काय ते त्याच्या पोटाला समजतं. त्याच क्षणी एखादी मावशी बाकावरून ओरडते, "बाळा, असं नाही चढायचं, तिकडून जिना आहे." जिना आहेच, पण जिन्यावर विशेषण नाही. झोक्यावर 'जोरात' आणि 'हळू' हे दोन शब्द मिळतात. व्याकरणाचे शिक्षक म्हणतील की ही विशेषणं नव्हेत, क्रियाविशेषणं आहेत. त्यांचं बरोबर आहे. त्यांना झोक्यावर बसवून विचारावं.

जड-हलकं शिकायला वजन उचलावंच लागतं. चित्रातला हत्ती जड आहे यावर मूल विश्वास ठेवतं, पण ते आपल्यावरच्या प्रेमापोटी. पाण्याची भरलेली बाटली घेऊन गेटपर्यंत जायचं, तिथल्या झाडाला पाणी घालायचं आणि रिकामी बाटली घेऊन परत यायचं, हा खेळ बहुतेक दोन वर्षांच्या मुलांना वेड लावतो. बाटली तीच, जाताना जड, येताना हलकी. अर्धं पाणी वाटेत वॉचमनच्या खुर्चीत सांडतं, म्हणून 'ओलं' फुकट मिळतं. ते मुलाला खेळताना कळतं आणि वॉचमनला बसल्यावर.

उंच-सखल शिकवणारा डोंगर-पाणी हा खेळ सोसायटीच्या आवारातही मजेत खेळता येतो. राज्य असलेल्याला डोंगर की पाणी ते विचारायचं. त्याने पाणी मागितलं की तो सखल भागात फिरणार आणि बाकीच्यांनी उंचावर चढायचं. डोंगर मागितला की उलट. पायरी, कठडा, पेव्हर ब्लॉकचा उंचवटा, सेक्रेटरींच्या स्कूटरचं फूटरेस्ट, सगळं डोंगरात मोडतं. दोन वर्षांच्या मुलाला नियम कळत नाहीत, तरी त्याला खेळायचं असतंच. मग मोठी मुलं त्याला 'लिंबूटिंबू' करून घेतात. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही, त्याला कुणी पकडलं तरी ते धरत नाहीत. तो नुसता इकडून तिकडे पळतो आणि दुसरे जे ओरडतात ते ओरडतो. भाषा शिकायला याहून चांगली नोकरी नाही. एका संध्याकाळी 'वर', 'खाली', 'उंच' हे शब्द तो वीसदा ऐकतो आणि प्रत्येक वेळी त्याचे पायही तिथेच असतात.

'मोठा' आणि 'लहान' ही जोडी मात्र सर्वांत अवघड, आणि त्यात मुलाचा दोष कमी. मुंगळा मुंगीशेजारी मोठा आणि बुटाशेजारी लहान, हे एक वेळ समजवता येतं. मेट्रोचा खांब उंच, पण मागचा टॉवर त्याहून उंच, हेही मान वर करून पटतं. घोटाळा होतो तो मुलाच्या स्वतःच्या आकाराबद्दल. दुधाची बाटली सोडायची असते तेव्हा "तू आता मोठा झालास." आईचा मोबाइल हवा असतो तेव्हा "तू अजून लहान आहेस." घरात धाकटं भावंड आलं की रातोरात मोठा, भावंडाला उचलायला गेला की पुन्हा लहान. एका दुपारीत चार वेळा आकार बदलणारी वस्तू निसर्गात दुसरी नाही. अशा मुलाला सुपारीएवढा खडा आणि नारळाएवढा धोंडा हातात देऊन "यातला मोठा कोणता?" विचारलं तर त्याला फार बरं वाटतं. तो धोंडा रात्रीसुद्धा मोठाच असतो.

रेल्वेचा पादचारी पूल हा शहरातला दुर्लक्षित वर्ग. भाईंदरच्या पुलावर कडेवर घेतलेल्या मुलाला गाडी लांब, डबा आखूड, जलद गाडी, धीमी गाडी असे पाठ वरून दिसतात, आणि उद्घोषणा तेच शब्द पुन्हा म्हणून घेतात. अडचण येते ती 'रिकामी'पाशी. भाईंदरहून सुटणारी लोकल खरं तर रिकामी यायला हवी. पण मीरा रोडहून, दहिसरहून उलट्या दिशेने बसून आलेली मंडळी तिच्यात आधीच विराजमान असतात, त्यामुळे सकाळच्या वेळी या शब्दाला उदाहरण सापडत नाही. तो पाठ रविवारी दुपारी घ्यावा.

विशेषणांच्या अस्सल शिक्षिका बाजारात बसतात. भाजीवालीकडे दोन वर्षांचं मूल न्यावं आणि भेंडीचं टोक मोडायला द्यावं. कोवळी भेंडी 'टक्' करून मोडते, निबर भेंडी वाकते आणि तशीच राहते. हा फरक बोटांत येतो, कानातही येतो. मुलाला तो इतका आवडतो की ते पुढची अर्धा किलो तपासून पाहतं, आणि मग ती भेंडी, कोवळी असो वा निबर, घ्यावीच लागते. टोमॅटो पिकलेला की कच्चा हेही दाबून कळतं. ते एकदाच कळू द्यावं.

तरी या शहरातलं विशेषणांचं सर्वोत्तम शैक्षणिक साहित्य भाजीबाजारात नाही. ते उत्तनला आहे. भाईंदर पश्चिमेहून पालिकेची बस मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनकडे जाते. मधल्या खाजणात मिठागरं होती, काही अजून आहेत. उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी दिसतात. जाडं मीठ आणि बारीक मीठ यांतला फरक तिथे तळहातावर घेता येतो आणि 'खारट' वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे कोळीवाडा लागतो. बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, दोन-दोनांच्या जोड्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ओला बोंबील हातात घेतला की बोटांमधून निसटतो. त्यात पाणीच जास्त. लिबलिबीत, थंडगार, बुळबुळीत, जवळजवळ आरपार दिसणारा. दोनेक दिवसांच्या कडक उन्हानंतर तोच बोंबील कडक, हलका, खडबडीत आणि पिवळट होतो, आणि दुसऱ्या सुक्या बोंबलावर आपटला तर खडखडतो.

लहान मुलं विशेषण लवकर शिकतात ती एकाच जातीच्या दोन वस्तू शेजारी ठेवल्यावर, हे बालभाषेच्या अभ्यासकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. मऊ उशी आणि टणक दगड दाखवला तर मूल उशी आणि दगड शिकतं. मऊ आणि टणक अशा दोन उश्या दाखवल्या तर ते मऊ शिकतं. टणक उशी कुठे मिळते हे अभ्यासक सांगत नाहीत. उत्तनला ते कोडं निसर्गाने आणि कोळणींनी मिळून सोडवलं आहे: नाम एकच, विशेषणं सगळी उलटी. पॅरिसच्या वजन-मापांसारखा तो बोंबील काचेत ठेवावा असा आहे, फक्त काचेतून वास येत नाही, आणि वासाशिवाय पाठ अर्धा राहतो. कारण इथे मुलाला आणखी एक गोष्ट समजते. बसमधून उतरलेल्या काही बायका नाकाला पदर लावतात आणि म्हणतात, "ई, घाण वास!" तिथेच वलांडीखाली खेळणारी कोळ्याची पोर तोच वास घेऊन म्हणते, "आज चटणी." वस्तू एक, नाकं दोन. खारट सगळ्यांनाच खारट लागतं, पण घाण सगळ्यांना घाण लागत नाही, ही विशेषणांमधली मोठी फूट कुठल्याही फ्लॅशकार्डावर छापलेली नसते. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि पाऊसही असतो. तेव्हा या वर्गाला सुट्टी.

पावसाळ्यात बाकीचे वर्ग मात्र जोरात चालतात. चिखल घट्ट, पातळ, गुळगुळीत आणि पचपचीत अशा चारही अवस्थांत एकाच खड्ड्यात मिळतो, आणि खड्डे मिळवायला लांब जावं लागत नाही.

बाहेर गेलेल्या मुलाच्या कानावर एकच भाषा पडत नाही, याची काही पालकांना धास्ती असते. आजी मऊ म्हणते, प्ले-ग्रुपची टीचर सॉफ्ट म्हणते, बागेतला मित्र मुलायम म्हणतो आणि शेजारच्या गुजराती बा पोचुं म्हणतात. मूल गोंधळत नाही. ते कोणाशी कोणता शब्द चालतो हे लवकर ताडतं आणि बांकडून ढोकळा घेताना पोचुं म्हणतं. लिंगाची गडबड मात्र होते. 'लाल' शहाणं विशेषण आहे, कुठेही तसंच राहतं. 'मोठा' मात्र दगडाबरोबर मोठा, गाडीबरोबर मोठी आणि झाडाबरोबर मोठं होतं. हिंदीत पेड़ पुल्लिंगी, म्हणून मूल "मोठा झाड" म्हणतं. यावर व्याख्यान देऊ नये. "हो, केवढं मोठं झाड!" एवढंच म्हणून पुढे चालावं. दहा-वीस झाडांनंतर ते सुधारतं. याच वाटेवर आजी असली तर सोन्याहून पिवळं, कारण नुसती विशेषणं तिला पुरत नाहीत. तिची फुलं पिवळीधमक, आभाळ काळंकुट्ट, चिंच आंबटढाण आणि नातू ओलाचिंब. मुलांना ही शेपटं फार आवडतात आणि ती मनाला येईल तिथे जोडून टाकतात. हिरवाभडक, गरमचिंब. हे चूक धरण्यापेक्षा साठा वाढल्याची पावती धरावी.

तीन वर्षांच्या आसपास मूल कुणी न विचारता वर्णन करू लागतं, दोन-दोन विशेषणं एकत्र जोडतं, तुलना करतं. अभ्यासक्रम पूर्ण झाला हे पालकांना बहुधा लिफ्टमध्ये कळतं. संध्याकाळी बागेतून परतताना दुसऱ्या मजल्यावर चौथ्या मजल्याचे काका आत येतात. मूल त्यांना खालून वर नीट पाहतं आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगतं, "आई, हे काका गोल आहेत. आणि वर गुळगुळीत." दोन्ही विशेषणं अचूक असतात, लिंग-वचनही चुकत नाही, आणि पूर्ण वाक्य आहे. आई बटणांकडे बघते. त्यानंतर काही दिवस ते कुटुंब जिन्याने जातं.